अळणी ताट

मागच्या भिंतीच्या एकवीस फळ्या गुरुवारीच गलबतावर चढल्या होत्या. युडोराने प्रत्येकीवर कोळशाने आकडा घातला होता, डावीकडून उजवीकडे, म्हणजे गावी, करियाकू बेटावर पोचल्यावर कुठली फळी कुठे म्हणून लिओला डोकं खाजवत बसायला नको. भिंतीच्या जागी शिडाचं जुनं कापड ताणून बांधलं होतं आणि आरूबाचा वारा ते सकाळपासून बडवत होता. अर्धं घर गेलं होतं. उरलेलं मंगळवारी पहाटे जायचं होतं, नवरा, बायको आणि तीन मुलींसकट.

मुली तीन की दोन, हे मात्र शनिवारची दुपार झाली तरी कुणी मोठ्याने बोललं नव्हतं.

"हे दोन फ्रॉक मी बाजूला काढलेत," टँटी सिबिल स्टोव्हपाशी उभ्या उभ्या म्हणाली. "मर्लचा निळा आणि शाळेचा. ट्रंकेत कोंबू नकोस."

"का?"

"का म्हणजे? सोमवारी शाळा आहे तिची."

"सोमवारी ती सामान बांधतेय, टँटी. आणि मंगळवारी बोटीवर असेल."

टँटीने हातातल्या कोंबडीचा पाय सांध्यातून कट्कन मोडला. "तू लिओशी बोल," ती म्हणाली, आणि दुसरा पाय मोडला.

टँटी सिबिल ही लिओची थोरली बहीण. लिओच्या आधी चार वर्षं ती आरूबाला आली, इथल्याच एका सुताराशी लग्न केलं, आणि तो गेल्यावर सान निकोलासमधल्या त्याच्या पिवळ्या घरात एकटी राहिली. मूल झालं नाही. मर्ल आठ महिन्यांची असताना युडोराला विषमज्वर झाला, सात आठवडे ती इस्पितळात होती, तेव्हा पोर टँटीनेच सांभाळली. त्या दिवसांत कधीतरी लिओ खुर्चीत बसून रडत होता आणि रडता रडता म्हणाला होता, "ही तुझीच आहे गं सिबिल." करियाकूवर ही रीत जुनीच होती. ज्या बहिणीची कूस उजवली नाही तिला भावाने आपलं एक मूल द्यायचं. त्यात कुणाला वावगं वाटत नसे आणि मुलालाही दोन घरं मिळत. युडोरा बरी होऊन आली, मर्ल परत तिच्या मांडीवर आली, पण ते वाक्य कुणी परत घेतलं नाही. दहा वर्षं ते तिथेच पडून होतं. मग तेलाच्या कारखान्यात नवी यंत्रं आली, मार्चमध्ये कमी करायच्या माणसांच्या यादीत लिओचं नाव लागलं, गावी परतायचं ठरलं, आणि टँटीने ते वाक्य उचलून झटकून समोर ठेवलं.

युडोराने दोन्ही फ्रॉक घडी घालून ट्रंकेत ठेवले. टँटीकडे बघत नाही असं दाखवत, पण ती बघते आहे हे पुरतं ठाऊक असताना.

"अगं, तिथे आहे काय?" टँटी म्हणाली. "एक खोली, एक फळा आणि दाराशी शेळ्या. इथे तिच्या शिक्षिकाबाई मला रस्त्यात थांबवून सांगतात, पोरीचं डोकं गणितात चालतं म्हणून."

"त्या एका खोलीत मी चार वर्षं शिकवलंय, टँटी. शेळ्या मलाही ओळखतात."

"हसण्यावारी नेऊ नकोस."

"नेत नाहीये. हेडमास्तरांना मी एप्रिलमध्ये पत्र घातलं. ऑगस्टपासून मला घेणार आहेत. दोन वर्षांनी मोठ्या शाळेची परीक्षा असते, सेंट जॉर्जेसला. मर्लला मी तयार करणार."

"आणि नाही पास झाली तर?"

"तर तिसऱ्या वर्षी बसेल."

टँटीने मान हलवली. तिच्या समोरच्या मोठ्या भांड्यात कोंबडी, तुरीचे हिरवे दाणे आणि रताळी शिजत होती. शेजारच्या छोट्या स्टोव्हवर घरच्यांसाठी वेगळं जेवण होतं, ते युडोराचं. मोठ्या भांड्याला मात्र टँटीशिवाय कुणी हात लावायचा नव्हता. ते थोरल्यांच्या ताटाचं होतं.

प्रवासाला निघण्याआधी घरातल्या गेलेल्या माणसांना जेवायला घालायचं, हे लिओच्या घरी कधी चुकलं नव्हतं. लिओ बारा वर्षांपूर्वी इकडे यायला निघाला तेव्हा त्याचे वडील सिप्रियन हयात होते आणि त्यांनीच ताट मांडलं होतं. आता ताट त्यांच्यासाठी होतं, आणि आई रोझॅनासाठी. त्याचे नियम थोडेच, पण कडक. मीठ एक कण नाही, कारण मीठ खाल्लं की थोरल्यांचं अंग जड होतं आणि त्यांना पाण्यावरून यायला-जायला जमत नाही. रांधणाऱ्याने चव बघायची नाही. ताट निजायच्या खोलीत पांढऱ्या कापडावर ठेवायचं, शेजारी रम आणि पाणी, आणि दार दिवेलागणीपर्यंत बंद. मग दार उघडून मुलांना सोडायचं. मुलांनी झोंबाझोंबी करून ताट फस्त केलं की थोरले तृप्त झाले.

युडोरा मेथडिस्ट. तिच्या पाद्रीबाबांना हा प्रकार मुळीच मान्य नव्हता. तिने आपल्यापुरता हिशेब केला होता: मेलेल्यांना जेवू घालावं असं बायबलात कुठे नाही, पण सासू-सासऱ्यांच्या नावाने पोरांनी कोंबडी खाऊ नये, असंही नाही.

चारच्या सुमाराला कप्तान फेस्टस आला. तो लिओच्या वडिलांचा चुलतभाऊ, सत्तरीचा, पायांना बाक आलेला, आणि गलबत त्याच्याच मालकीचं. आल्या आल्या त्याने रमची बाटली टँटीच्या हातात दिली. ती घ्यायला टँटी दारापर्यंत गेली, तिथेच दोघांचं बोलणं रंगलं, आणि युडोरा न्हाऊन आलेल्या धाकट्या रुथीचे केस पुसायला मागच्या ओट्यावर गेली. नंतर तिला आठवलं ते एवढंच, की त्या पाच-सात मिनिटांत स्टोव्हपाशी कुणी मोठं माणूस नव्हतं.

ताट आत गेलं. दार लागलं. टँटीने दाराशीच खुर्ची ओढली आणि पहारेकऱ्यासारखी बसली.

लिओ आणि कप्तान बाहेर पिंपावर बसले होते. लिओ अंगाने धिप्पाड, पण आवाज मऊ. कारखान्यात अठरा इंची नळ एकट्याने फिरवायचा आणि घरी बायको आणि बहीण, दोघींपैकी एकीलाही नाही म्हणता यायचं नाही. युडोरा त्याच्यासाठी पाणी घेऊन गेली तेव्हा कप्तान बोटांवर मोजत होता.

"वारा तोंडावरच आहे. आठ दिवस तरी शिडं इकडून तिकडे करत जायचं. मंगळवार चुकला तर माझी पुढची खेप साखरेची, शब्द देऊन बसलोय. मग वादळाचे महिने. मी परत येणार ते डिसेंबरात."

"मंगळवार चुकणार नाही," युडोरा म्हणाली.

"माणसं किती धरू? पाण्याची पिंपं त्या हिशेबाने भरायची आहेत."

"पाच."

लिओने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. कप्तानाने एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं आणि समुद्रावर खूप काही पाहिलेल्या माणसाच्या शहाणपणाने तो लघवीला म्हणून उठून गेला.

"लिओ."

"अगं, परवा सिबिल आली होती. तू चॅपलला गेलेलीस."

"मग?"

"रडायला लागली. काय करू? म्हटलं, राहू दे एक-दोन वर्षं. शाळा होईल. मग येईल की."

"तू शब्द दिलास."

"दहा वर्षांपूर्वीच दिला होता, डोरा. परवा फक्त नाही म्हणालो नाही."

"मी दिला नव्हता," युडोरा म्हणाली. "तेव्हाही नाही आणि परवाही नाही. मी तापात होते तेव्हा, आणि परवा चॅपलमध्ये. तुम्हा बहीणभावांना मी घरात नसतानाच बरी उदारता सुचते."

"ती एकटी आहे गं."

"आहे. मला दिसतं ते. तिच्यासाठी मी काहीही करीन. मूल देणार नाही."

लिओ रिकामा पेला बोटांत फिरवत राहिला. त्याचं न बोलणं म्हणजे होकार नव्हे हे तिला बारा वर्षांत कळलं होतं.

दिवेलागणीला टँटीने दार उघडलं. उंबऱ्याशी पाणी शिंपडलं, मग रम शिंपडली, आणि सिप्रियन आणि रोझॅना यांची नावं घेऊन म्हणाली, "आपली पोरं निघालीत. वाट दाखवा." कप्तानाने टोपी काढली होती. मग तिने टाळी वाजवली, "हं, सुटा!" आणि रुथी आणि मधली डेल्मा किंचाळत आत घुसल्या. मर्ल त्यांच्या मागून गेली. एरवी सगळ्यांत आधी तिचा हात ताटात असायचा.

रुथी चार वर्षांची. तिने कोंबडीचा अख्खा तुकडा तोंडात भरला, डोळे मिटले आणि म्हणाली, "दुशी!"

इथली मुलं चांगलं काही खाल्लं की हेच म्हणतात. पण थोरल्यांच्या ताटाला हे कुणी कधीच म्हटलं नव्हतं. ते पाणचट लागतं, पोरं त्यावर तुटून पडतात ती निव्वळ मस्तीसाठी.

"छान लागतंय आज," डेल्मा म्हणाली आणि बोटं चाटली. "टँटी, आज मीठ आहे."

टँटीने वाकून ताटातला एक दाणा उचलला, जिभेवर ठेवला, आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"खारट," ती म्हणाली. "लिओ, खारट आहे. पपा, मा... त्यांच्या तोंडाला मीठ लावलं मी."

"तू नाही लावलंस," लिओ म्हणाला, पण त्याचाही रंग गेला होता.

कप्तानाने टोपी परत डोक्यावर घातली. "हे बघा," तो म्हणाला, "मी काही घाबरट नाही. पण खारट ताटावर मी नांगर उचलत नाही. माझ्या बापाने उचलला नव्हता, मीही उचलणार नाही. आठ दिवस उघड्या पाण्यात आहोत. मुली आहेत बरोबर."

"कळलं ना आता?" टँटी युडोराकडे वळली. तिचा आवाज कापत होता. त्यात कांगावा नव्हता, खरी भीती होती. "थोरल्यांनी सांगितलं. दिलेला शब्द मोडून निघालात, म्हणून अडवलं त्यांनी. लिओ, अजून वेळ गेलेली नाही. माझं मला दे. परत ताट करते, आणि जा सुखाने."

लिओने बायकोकडे पाहिलं. "डोरा, कदाचित..."

युडोरा त्या दोघांकडे बघत नव्हती. फळीवर मिठाचा कप होता. बाकी सगळं बांधून झालं होतं, म्हणून आठवडाभराचं मीठ तिने एका कपात काढून ठेवलं होतं, सकाळी काठोकाठ. आता तो दोन बोटं खाली होता, आणि घरच्या जेवणात तिने चिमूटभरच घातलं होतं. एवढं मीठ थोरले नेत नाहीत. तिने मुलींकडे पाहिलं. रुथीचे दोन्ही गाल फुगलेले. डेल्माच्या हनुवटीवर रस्सा. मर्लच्या हातात चमचा होता, कोरडा. तिने एक घास खाल्लेला नव्हता.

आईने मुलीकडे पाहिलं आणि मुलीने जमिनीकडे.

"माझ्याकडून पडलं असेल," युडोरा म्हणाली. "मी शेजारच्या स्टोव्हवर होते. हात चुकला."

"तुझा?" टँटी म्हणाली. "तुझा हात चुकला? तू चहात साखर मोजून घालतेस!"

"चुकतो कधीतरी."

"मेथडिस्ट हात! सांगत होते मी लिओला, हिच्या स्वयंपाकघरात नको, माझ्याकडे करू या..."

"मी घातलं," मर्ल म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"मा, तू काही नाही केलंस. टँटी दारात गेली ना, तेव्हा मी घातलं. तीन चमचे."

"अगं, का?" लिओ गुडघ्यांवर बसला. "मर्ल, बाळा, का?"

"टँटीच म्हणाली होती, ताट बिघडलं की कप्तान निघत नाहीत." ती रडली नाही, याबाबतीत ती आईवर गेली होती. "निघालं नाही की मग ठरवावं लागणार नाही. कुणालाच."

कप्तान खाकरला. "म्हणजे थोरल्यांचा काही संबंध नाही तर," तो कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाला.

पण टँटीच्या डोळ्यांत एकदम पाणी आणि उजेड दोन्ही आलं होतं. "बघितलंस?" ती म्हणाली. "पोरीला जायचं नाही! म्हणून केलं तिने. एवढंसं लेकरू, पण धीर केला. मला आता कुणाचं काही ऐकायचं नाही, लिओ. तिलाच विचारा. मर्ल, इकडे ये. सांग बरं सगळ्यांसमोर..."

"नाही," युडोरा म्हणाली.

"का नाही? लेकराला तोंड आहे."

"विचारायचं नाही."

"विचारायला काय हरकत आहे गं?" लिओ म्हणाला. तो खाली बसल्या बसल्या दोघींकडे आळीपाळीने बघत होता, आणि त्याला वाटत होतं की अखेर एक वाट सापडली, जिच्यात त्याला कुणालाच नाही म्हणावं लागणार नाही. हे त्याच्या तोंडावर इतकं स्पष्ट दिसत होतं की युडोराला त्याची कीव आली आणि रागही आला. "दहा वर्षांची आहे ती. शहाणी आहे. तिला काय हवं ते ती सांगेल, प्रश्न मिटला."

"तुमचा मिटेल."

"म्हणजे?"

युडोराने ट्रंकेचं झाकण लावलं आणि त्यावर बसली. उभं राहून बोलण्यासारखं ते नव्हतं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि लिओला एवढंच माहीत होतं की ती मावशीकडे वाढली. का, हे त्याने विचारलं नव्हतं. करियाकूवरची निम्मी मुलं कुणाकडे ना कुणाकडे वाढतात.

"मी सात वर्षांची होते," ती म्हणाली. "आई त्रिनिदादला कामाला निघाली. अंगणात सगळे जमले होते, असेच. कुणीतरी म्हणालं, पोरीलाच विचारा. आईने विचारलं, डोरा, माझ्याबरोबर येतेस की मावशीकडे राहतेस? मावशी माझ्या मागे उभी होती. तिचा हात माझ्या खांद्यावर होता आणि ती रडत होती, ते मला हातातून कळत होतं. मी म्हटलं, राहते."

डेल्माने ताटातला हात काढून घेतला.

"सगळ्यांनी माझं कौतुक केलं. शहाणी गं पोर. आई गेली. अकरा वर्षांनी भेटली, तेव्हा मी तिला विचारलं, मला का ठेवून गेलीस? तर ती म्हणाली, अगं, तूच म्हणाली होतीस." युडोराने फ्रॉकच्या घोळाला लागलेला कोळसा झटकला. "ती खोटं बोलत नव्हती. मरेपर्यंत तिला खरंच वाटत होतं की मी निवडलं. मी कधी तिला पटवू शकले नाही. आमच्या दोघींमध्ये ते एक वाक्य राहिलं, आणि ते माझं होतं. दोषातलं तिच्या वाटणीला काहीच आलं नाही."

"हे तू कधी..." लिओ म्हणाला.

"आता सांगितलं."

मर्ल हळूहळू पुढे आली होती. तिने एकदा टँटीकडे पाहिलं. टँटीने दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले होते, आणि तिचे खांदे हलत होते.

"मा, मी राहते," ती म्हणाली. "चालेल मला. खरंच. तुम्ही जा. टँटीला मग..."

लिओने मान खाली घातली. आता मर्लच्या तोंडून त्यालाही सात वर्षांच्या डोराचं 'राहते' ऐकू आलं होतं.

युडोरा उठली. ती मर्लजवळ गेली नाही, तिला कुशीत घेतलं नाही; कुशीत घेतलं असतं तर तेही विचारल्यासारखंच झालं असतं. ती दोन पावलांवर उभी राहिली आणि शाळेत हजेरी घेताना लागायचा तसा सरळ आवाज तिला लागला.

"तुला कुणी विचारलेलं नाही, मर्ल. तू येते आहेस. हे मी ठरवलंय. मी, तुझ्या आईने. पुढे कधी कुणी विचारलं, टँटीला सोडून का गेलीस, तर सांगायचं, मला आईने नेलं. दोष द्यायचा तर मला द्यायचा. तुझ्यावर यातलं काही नाही. कळलं?"

मर्लने मान हलवली. आधी थोडी, मग जोरात.

"लिओ?"

लिओ गुडघ्यांवर हात टेकून उठला. त्याला वेळ लागला. मग तो बहिणीपाशी गेला, तिच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "सिबिल, मी चुकलो. दहा वर्षांपूर्वी नाही. परवा. परवा मी नाही म्हणायला हवं होतं. आता म्हणतो. नाही."

टँटीने डोळ्यांवरचे हात खाली घेतले. "सात आठवडे," ती युडोराला म्हणाली. "सात आठवडे ही माझ्या छातीवर झोपली. तू होतीस का तिथे?"

"नव्हते. तुम्ही होता म्हणून ती आज आहे. आणि मीसुद्धा."

"मग?"

"मग काही नाही, टँटी. ते फेडता येणार नाही. मी प्रयत्नही करणार नाही. आमच्याबरोबर चला म्हटलं तर तुम्ही येणार नाही, तुमचा माणूस इथे मातीत आहे. वर्षा-दोन वर्षांनी हिला पाठवते असंही मी म्हणणार नाही; मला ते जमेल की नाही माहीत नाही आणि तुम्ही वाट बघत बसाल. ती पत्र लिहील. मी तिला बसवून लिहायला लावीन, कंटाळा आला तरी."

"कोरडी आहेस गं," टँटी म्हणाली. "पहिल्यापासून."

"आहे."

कप्तान दाराशी चुळबुळत होता. "ताटाचं काय?" त्याने विचारलं. "मला बोलायला बरं वाटत नाही, पण..."

"परत करायचं," युडोरा म्हणाली. "आता लगेच. ओट्यावर दुसरी कोंबडी आहे, उद्याच्या रविवारसाठी ठेवलेली. मीच रांधते. टँटी, तुम्ही शेजारी खुर्ची टाकून बसा आणि माझ्या हातांवर नजर ठेवा. मिठाचा कप कप्तान मांडीवर घेऊन बसतील."

"मी?" कप्तान म्हणाला.

"तुमच्याइतका मिठाला कोण घाबरतंय इथे?"

डेल्मा फिस्सकन हसली. मग रुथी, काही न कळता. कप्तानाने खरोखरच कप घेतला आणि दोन्ही हातांनी झाकून पिंपावर जाऊन बसला. टँटी हसली नाही. पण ती उठली, खुर्ची उचलून स्टोव्हपाशी नेली, बसली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आच कमी कर. तुरीचे दाणे फुटतील." युडोराने आच कमी केली.

लिओ धाकट्या दोघींना घेऊन विहिरीकडे तोंडं धुवायला गेला. मर्ल आईच्या शेजारी फळीवर बसून रताळी सोलत होती. सालं लांबच लांब, न तुटता निघत होती. हे तिला टँटीने शिकवलं होतं. टँटीची मान पुढे झुकली होती, डोळे मिटले होते. ती झोपली होती की नाही ते सांगता आलं नसतं.

"मा," मर्ल अगदी हळू म्हणाली.

"हं."

"आणि समजा मला खरंच राहायचं असलं तर?"

युडोराचा हात भांड्यावर क्षणभर थांबला. तिने हे उत्तर आधी ठरवून ठेवलेलं नव्हतं, आणि तिला ठरवून न ठेवलेलं बोलायची सवय नव्हती.

"तर तू माझ्यावर रागावशील," ती म्हणाली. "रागाव. पण माझ्या घरात, माझ्यासमोर बसून रागाव."

मर्लने सोललेलं रताळं पाण्यात टाकलं आणि पुढचं उचललं.

"किती दिवस?"

"लागतील तितके," युडोरा म्हणाली. "मी कुठे जात नाही."